ओष्ठ्य

भूल उतरली तेव्हा खिडकीत गंगापूर रोडचे दिवे होते
आणि माझ्या तोंडावर दुसऱ्याच कुणाचं तरी तोंड.
डॉक्टर म्हणाले, गाठ निघाली, पट्टी बसवली, चार स्क्रू.
नस वाचलीय. फक्त झोपलीय.
किती दिवस, मी पाटीवर लिहिलं.
नसेला घड्याळ नसतं, म्हणाले.
हसू आलं, पण ते कुठून बाहेर पडणार.
माझी सतरा वर्षं ठक्कर बाजारच्या स्टँडवर
घड्याळाकडे बघून बोलण्यात गेलीत.

पहिला आठवडा. गाल
तव्यावर फुगलेल्या भाकरीसारखा,
फक्त ही भाकरी खाली बसत नाही.
मानेपर्यंत जांभळं-पिवळं उतरलेलं.
वॉचमन म्हणाला, मॅडम, कुणावर रुसलात?
जिन्यात मात्र घोलपवहिनींनी माझा हात धरला,
आवाज खाली आणला:
त्यांनी… हात उचलला का?
मी मान हलवली. जबडा रबरांनी बांधलेला.
आणि बांधल्या तोंडाचं नाही
किती तरी बायकांच्या नाहीसारखंच दिसतं,
हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं.
त्या रात्री हे मुगाचं पाणी सिरिंजमध्ये भरत होते,
फडक्यातून दोनदा गाळून,
दाणा राहू नये म्हणून दिव्यासमोर धरून.
मी तो हात बघत राहिले.

मिसळ आणली तर जिन्यात उभं राहून खातात,
मला वास येऊ नये म्हणून.
येतोच.

अहोला ओठ लागत नाहीत,
तेवढं पहिल्या दिवसापासून जमलं.
लेकीचं नाव बकुळ. ते जमेना.
ती दारामागून म्हणायची,
अकुळ बाहेर गेलीय, बकुळ घरात आहे,
कोण हवंय?

रबरं निघाली आणि कळलं,
आपल्याकडची गावं ओठांवरच वसलीत:
पिंपळगाव, मनमाड, मालेगाव,
भगूर, पेठ, म्हसरूळ, मखमलाबाद.
सिन्नर, सटाणा, दिंडोरी एवढी सुटली.
बाकी सगळीकडे ओठ मिटावा लागतो,
आणि तो मिटला की नाही
हे आतून कळत नाही, आरशाला विचारावं लागतं.

दर पंधरा दिवसांनी डॉक्टर कापूस फिरवतात.
इथं कळतंय? इथं?
जिथं कळत नाही तिथं पेनानं हद्द आखतात.
ती न पुसताच मी रिक्षानं घरी येते.
ज्या गावाचं नावच म्हणे
एका कापलेल्या नाकावरून पडलं,
तिथं हनुवटीवरच्या शाईचं कुणाला काय.

जानेवारीत पारा सहावर.
उजव्या गालाला थंडी वाजते,
डाव्या बाजूला ऋतूच नाही.
द्राक्षाचा रस तिथून ओघळतो
आणि बकुळ बोट दाखवते
तेव्हा तो ओघळलेला असतो.

दहाव्या आठवड्यात, दुपारी, ओट्यापाशी,
मुंग्या आल्या.
ओठाच्या कडेनं, एकामागून एक,
कुठून निघाल्या कोण जाणे.
आई म्हणायची, मुंग्या आल्या
म्हणजे कुठंतरी गोड सांडलंय.
हातातलं फडकं तसंच धरून उभी राहिले,
हललं तर परत फिरतील म्हणून.
मग चहाचा एक थेंब मुद्दाम हनुवटीवर घेतला.
भाजलं!
अहो, भाजलं!
हे धावत आले आणि घाबरून बर्फ शोधायला लागले.

आता ड्युटीवर आहे.
डाव्या कोपऱ्यात दोन बोटांएवढी जागा
अजून निजलेली. राहीलही.
आज माईक चालू केला:
पिंपळगाव बसवंत, फलाट क्रमांक पाच.
प जरा उडाला, ब लागला,
फ ची नुसतीच हवा.
खाली एका म्हाताऱ्यानं कर्ण्याकडे मान वर केली,
पिशवी उचलली, पाचवर गेला,
आणि तरी कंडक्टरला विचारलंच,
ही पिंपळगावच ना?

ते तर आधीपासूनच विचारतात.